सुलेखन फॉन्ट तुटतो, कापला जातो, वाचता येत नाही: कारण शोधण्याचा क्रम आणि उपाय

देवनागरी सुलेखन फॉन्ट लागतो तो लग्नपत्रिकेवरच्या नावांना, मंडळाच्या फ्लेक्सच्या मथळ्याला, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला आणि दुकानाच्या पाटीला. तक्रारीही दर मोसमात त्याच येतात. फॉन्ट टाकला तरी अक्षर बदलत नाही, जोडाक्षरं सुटतात, रेडियम कापताना शिरोरेघ मधेच चिरते, सोनेरी फॉइलमध्ये बारीक रेघा गायब होतात, आणि सगळं नीट छापून झाल्यावर पाहुणे विचारतात की हे नाव काय लिहिलंय.

मग दोष फॉन्टवर जातो आणि दुसरा फॉन्ट शोधायला सुरुवात होते. पण बहुतेक वेळा फॉन्ट ठीक असतो आणि बिघाड त्याच्या आधी किंवा नंतर असतो. म्हणून तपास एका क्रमाने करायचा: आधी मॅटर कोणत्या पद्धतीने टाइप झालंय, मग सॉफ्टवेअर अक्षरं जुळवतंय का, मग फॉन्टमध्ये तेवढी चिन्हं आहेत का, आणि शेवटी ज्या वस्तूवर ते उमटणार आहे तिला ती रेघ पेलते का. क्रम उलटा केला तर पाच फॉन्ट बदलूनही अडचण जागेवरच राहते.

फॉन्ट निवडला, पण अक्षर साधंच दिसतं

सगळ्यात जास्त विचारली जाणारी अडचण हीच, विशेषतः मोबाइलवर पिक्सेललॅबसारख्या ॲपमध्ये बॅनर करणाऱ्यांची. मराठीत टाइप केलं, यादीतून झोकदार फॉन्ट निवडला, तरी अक्षर नेहमीचंच राहिलं. याचा अर्थ तो फॉन्ट युनिकोड नाही (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत). त्याच्या फाइलमध्ये देवनागरीच्या क्रमांकांवर काहीच नाही. मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेली आहेत. ॲपला त्या फॉन्टमध्ये 'क' सापडत नाही, म्हणून ते गुपचूप यंत्रातला साधा फॉन्ट वापरतं. अँड्रॉइडवर तो बहुधा नोटो सान्स देवनागरी असतो, विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल.

उलट दिशेची तक्रारही याच कारणाची. जुन्या फाइलमधलं सुंदर मॅटर कॉपी करून दुसरीकडे टाकलं की इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डोक्यावर टोप्या घातलेले 'ए' दिसू लागतात.

निदान सोपं आहे. मॅटर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या चौकटीत चिकटवा. मराठी राहिलं तर मॅटर युनिकोड आहे, कचरा दिसला तर जुन्या पद्धतीचं. श्रीलिपी, कृतिदेव आणि सीडॅकचे डीव्ही मालिकेतले जुने फॉन्ट या दुसऱ्या गटातले. हे सगळे 'जुने' असले तरी एकमेकांचे नाहीत. प्रत्येक कुळाची मांडणी वेगळी असते. श्रीलिपीचं मॅटर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमधून काढलं तर जे बाहेर येतं ते कोणालाच दुरुस्त करता येत नाही. म्हणून आधी मूळ फाइलमधलं फॉन्टचं नेमकं नाव बघा आणि कन्व्हर्टर त्याच कुळाचा घ्या.

रूपांतर झाल्यावर डोळ्यांत तेल घालून बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: ऱ्य आणि ऱ्ह, ॲ आणि ऑ, रफारावरचा अनुस्वार, पहिली वेलांटी, अवतरणचिन्हं आणि अंक. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. कन्व्हर्टर इथे चुकला की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते किंवा टिंबांच्या वर्तुळावर लटकते. असं वर्तुळ दिसलं की चिन्हांचा क्रम बिघडलाय असं समजा आणि फॉन्ट न बदलता तेवढा शब्द नव्याने टाइप करा.

जुन्या पद्धतीचा एखादा सुलेखन फॉन्ट खरोखरच देखणा असतो आणि काम फक्त दोन शब्दांचं असतं. तेव्हा हट्ट न करता ते दोन शब्द त्या फॉन्टच्या स्वतःच्या कीबोर्डने टाइप करा, कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांच्या जागी त्यांच्या रेघांची आकृती करा) आणि बाकीचं मॅटर युनिकोडमध्ये ठेवा. संकेतस्थळावर मात्र हा मार्ग नको. तिथे शब्द शोधता येत नाही आणि पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या जागी निरर्थक इंग्रजी बडबडतं.

अक्षरांचे पाय मोडलेले, वेलांटी पुढे गेलेली

मॅटर युनिकोड, फॉन्टही युनिकोड, तरी 'शक्ती' ऐवजी 'शक्‌ती' दिसतं किंवा 'चि.' मधली वेलांटी 'च'च्या उजवीकडे जाते. इथे दोष सॉफ्टवेअरचा. जोडाक्षर कसं दिसावं याचे नियम फॉन्टच्या आत लिहिलेले असतात, पण ते वाचायचे की नाही हे प्रोग्राम ठरवतो.

इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स'वर खूण करा आणि मग पॅराग्राफ पॅनेलमधून 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' कंपोझर घ्या. फोटोशॉपमध्ये हीच सोय प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात आहे. आधीच्या आवृत्त्यांत तिचं नाव 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' होतं, नंतर 'वर्ल्ड-रेडी' झालं. फोटोशॉपमध्ये एक गोष्ट सतत फसवते. ही निवड आधीपासून टाइप केलेल्या लेयरला आपोआप लागू होत नाही. लेयर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ती द्यावी लागते. तरीही फरक पडला नाही तर नवी फाइल उघडून शब्द पुन्हा टाइप करणं जास्त लवकर होतं.

कोरलड्रॉमध्ये एक्स६ पासून पुढे अडचण कमी आहे. त्याआधीच्या आवृत्त्या अजून कितीतरी दुकानांत जोरात चालू आहेत, आणि त्यांच्यात युनिकोड देवनागरी नीट जुळत नाही. पेजमेकरबद्दल तर बोलायलाच नको. अशा ठिकाणी नवं कोरल विकत घ्या हा सल्ला फुकटचा आहे. त्यापेक्षा इंकस्केप घ्या. ते मोफत आहे, जोडाक्षरं बरोबर जुळवतं, आणि त्यात टाइप केलेला शब्द 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून एसव्हीजी किंवा ईपीएस म्हणून जुन्या कोरलमध्ये आणता येतो. मथळ्यासाठी एवढं पुरतं.

एक-दोन अक्षरंच दगा देतात

बाकी सगळं उत्तम, फक्त 'वऱ्हाडी' मधला ऱ्ह बिघडला किंवा 'ॲड.' च्या जागी चौकोन आला, तर आता मात्र फॉन्टकडे बघायचं.

ऱ्य-ऱ्ह ही मराठीची जुनी दुखरी जागा. हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि य. दुसऱ्या पद्धतीतला जोडक डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे एका प्रोग्राममधून दुसऱ्यात चिकटवताना तो गळून पडतो आणि रफार उगवतो. मग 'आचाऱ्यांचा सत्कार' हा 'आचार्यांचा सत्कार' होतो, आणि दोघांनाही ते आवडत नाही. म्हणून नेहमी पहिली पद्धत वापरा. हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या काही फॉन्टमध्ये ऱ्य-ऱ्ह मधल्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र चं चित्रच नसतं. तिथे दोन्ही पद्धती हरतात आणि फॉन्ट बदलण्याशिवाय मार्ग उरत नाही.

ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी घडवलेल्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन येतो. अ वर चंद्र देऊन काम भागवायला गेलं की अनेक प्रोग्राम मधे टिंबांचं वर्तुळ घुसवतात. छपाईसाठी हे निभावता येतं: शब्द कर्व्ह करा आणि वर्तुळ पुसा. वेबवर नाही.

फॉन्ट पसंत करण्याआधी त्याच्या विक्रेत्याने दाखवलेला नमुना बघू नका. त्या नमुन्यात नेहमी त्या फॉन्टला शोभणारीच अक्षरं असतात. त्याऐवजी ही ओळ टाकून बघा:

श्रीकृपेकरून चि. सौ. कां. ज्येष्ठ आप्तेष्ट वऱ्हाडी मुहूर्त मूर्तींची विठ्ठल श्रद्धा उद्घाटन हृद्य कर्तृत्व वाङ्मय ॲड. डॉ. ऑक्टोबर १ ९ ५ ८ ६

'मूर्तींची' मध्ये रफार, दुसरी वेलांटी आणि अनुस्वार एकाच डोक्यावर येतात. तिथे टक्कर होत नसेल तर फॉन्ट घडवणाऱ्याने मन लावून काम केलंय. 'उद्घाटन' प्रत्येक फ्लेक्सवर लागतं, त्यामुळे 'द्घ' उभा जुळतो का हे आधीच कळलेलं बरं. नीट जुळत नसेल तर द चा पाय मोडून लिहिलेलं 'उद्‌घाटन' चुकीचं नाही आणि लांबून ते जास्त लवकर वाचलं जातं. मग ही ओळ सोडून आपल्याच मॅटरमधली नावं टाका. शेवटी छापायची तीच आहेत.

ल आणि श परके वाटतात

फॉन्ट सुंदर, पण 'शालिनी' वाचताना काहीतरी खटकतं. ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी आहेत. राज्य शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपं प्रमाण धरली आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की मराठी रूप आपोआप येतं. इनडिझाइन, इलस्ट्रेटरमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधली भाषा मराठी करा. वेबपानावर भाषेचा गुणधर्म हिंदीचा किंवा इंग्रजीचा राहिला असेल तर तो मराठीचा करा. तरी बदल झाला नाही तर ग्लिफ पॅनेल (फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दाखवणारी चौकट) उघडून पर्यायी रूप आहे का ते पाहा. टिरो देवनागरीमध्ये तर मराठीसाठी वेगळा फॉन्टच दिलेला आहे.

हस्तलिखितांवर आधारलेल्या फॉन्टमध्ये हा प्रश्न आणखी खोल जातो. 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा जैनी हा फॉन्ट १५०३ सालच्या, कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या हस्तलिखितातल्या वळणावर बेतलेला आहे आणि तो दोन रूपांत मिळतो. 'जैनी पूर्व' मध्ये जुनी रूपं राखली आहेत, नुसत्या 'जैनी' मध्ये काही अक्षरं आजच्या वाचकाला ओळखू येतील अशी केली आहेत. प्रदर्शनाच्या शीर्षकाला, इतिहासविषयक पुस्तकाच्या मुखपृष्ठाला पूर्व शोभून दिसतो. पत्रिकेवर घालायचाच असेल तर साधा जैनी घ्या. आजोबांना सुनेचं नाव वाचता आलं पाहिजे.

जोडांवर रेघा दिसतात, रेडियम मधेच कापलं जातं

देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरात थोडी घुसवलेली असते, म्हणजे सलग टाइप केल्यावर फट राहत नाही. सुलेखन फॉन्टमध्ये त्यात वेलांट्यांचे फटकारे आणि उकारांच्या शेपट्याही एकमेकांवर चढतात. काळ्या रंगात हे काही दिसत नाही. बाह्यरेषा दिली, पारदर्शकता दिली किंवा कापायच्या यंत्रावर पाठवलं की सगळं उघडं पडतं. कापणारं यंत्र रंग बघत नाही, ते फक्त रेघेमागे जातं. त्यामुळे दोन अक्षरं जिथे एकमेकांवर चढली आहेत तिथे पातं दोनदा फिरतं आणि स्टिकर उचलताना अक्षराचा तुकडा हातात येतो.

उपाय सगळी अक्षरं एकसंध करण्याचा. आधी टेक्स्टची एक प्रत बाजूला ठेवा, कारण यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही. इलस्ट्रेटरमध्ये 'क्रिएट आउटलाइन्स' करून पाथफाइंडरमधलं 'युनाइट' द्या. इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ' आणि मग 'युनियन'. कोरलमध्ये 'वेल्ड'. कोरलमध्येच घोटाळा जास्त होतो, कारण 'वेल्ड' च्या आसपासच 'कंबाइन' सापडतं आणि घाईत तेच दाबलं जातं. कंबाइनने अक्षरं जोडली जात नाहीत. जिथे ती एकमेकांवर आहेत तिथे उलट पांढरी भोकं पडतात. नुसतं कंट्रोल-क्यू करून कर्व्ह केल्यावरही अशी भोकं दिसू शकतात. तसा पांढरा तुकडा राहिला तर त्यावर त्याच रंगाचा छोटा आयत अक्षराच्या बाहेर न जाईल असा ठेवा आणि दोन्ही मिळून वेल्ड करा. दुसरी सवयीची चूक म्हणजे कर्व्ह केल्यावर 'ब्रेक अपार्ट' करणं. त्याने व, ब, म यांची पोटं भरून निघतात.

खात्री वायरफ्रेममध्येच करायची. रंग काढून फक्त रेघा बघा. एकही रेघ दुसरीला ओलांडताना दिसली तर जोड झालेला नाही.

पत्र्यातून आरपार कापून पाटी करायची असेल तर आणखी एक अडचण: अक्षराच्या पोटातला तुकडा गळून खाली पडतो. व चं पोट टिकवायचं तर त्याला बाहेरच्या पत्र्याशी जोडणारे पूल ठेवावे लागतात. सुलेखनाच्या फॉन्टमध्ये हे पूल बोरूच्या तिरप्या दिशेनेच काढले तर नजरेत येत नाहीत, आडवे-उभे काढले की ठिगळासारखे दिसतात. लेझरवाल्याला देताना कोणतीही पट्टी पत्र्याच्या जाडीपेक्षा अरुंद ठेवू नका.

बारीक रेघा उडतात

इथे हिशेबच करावा लागतो, पण तो दोन मिनिटांचा आहे. फॉन्टमधलं सगळ्यात नाजूक अक्षर २८३.५ पॉइंटला टाइप करा. हा आकार म्हणजे बरोबर १०० मिलिमीटर. अक्षर कर्व्ह करून सगळ्यात बारीक जागेची रुंदी मोजा. जितके मिलिमीटर, तितके टक्के. समजा २ मिलिमीटर भरली, तर त्या फॉन्टची बारीक रेघ २ टक्के.

आता पत्रिकेवर नाव २४ पॉइंटला घ्यायचं आहे. २४ पॉइंट म्हणजे ८.४७ मिलिमीटर, त्याचे २ टक्के म्हणजे ०.१७ मिलिमीटर. पांढऱ्या कागदावर एका शाईत ऑफसेटने हे निभतं, तिथे ०.१ पर्यंत चालतं. गडद चौरंगी पार्श्वभूमीतून पांढरं अक्षर काढायचं असेल तर निदान ०.२५ हवं, नाहीतर रंग किंचित सरकले की रेघ भरून जाते. फॉइल आणि स्क्रीन प्रिंटिंगला ०.३ ते ०.४ धरा. रेडियम आणि भरतकामाला १ मिलिमीटर. हे आकडे कामचलाऊ आहेत. ज्याच्याकडे काम देणार त्याच्या यंत्राप्रमाणे थोडे पुढेमागे होतील, म्हणून त्यालाच विचारा.

म्हणजे या फॉन्टला फॉइल करायचं तर ०.३ भागिले ०.०२, १५ मिलिमीटर, साधारण ४३ पॉइंट हा किमान आकार झाला. रेडियममध्ये तर ५० मिलिमीटर, म्हणजे १४२ पॉइंट. मोटारसायकलच्या टाकीवर नाजूक सुलेखन का टिकत नाही याचं उत्तर या भागाकारात आहे.

आकार वाढवायला जागा नसेल तर अक्षराला त्याच रंगाची ०.२ मिलिमीटरची बाह्यरेषा देता येते. ती दोन्ही बाजूंनी ०.१ वाढवते, ०.१७ ची रेघ ०.३७ होते. पण जाड रेघही वाढते. आधी जाड आणि बारीक यांचं प्रमाण ६ ला १ असेल तर ते साधारण ३.३ ला १ वर येतं आणि बोरूचा डौल निम्मा जातो. त्यापेक्षा कमी तफावतीचा फॉन्ट निवडणं केव्हाही बरं.

उलटा प्रकारही असतो. 'एक टाइप'चाच मोदक हा गुबगुबीत फॉन्ट घ्या. त्यात रेघा जाड आणि पोटातल्या फटी बारीक, त्यामुळे मोजायची ती पांढरी फट. लहान आकारात शाई पसरते आणि अक्षराचा गोळा होतो. मुलांच्या कार्यक्रमाचा मथळा, खाऊचं पाकीट, मोठा फ्लेक्स इथे तो खुलतो.

व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या पत्रिकेचा हिशेब वेगळा. ५ इंच रुंद पत्रिका १०८० पिक्सेलमध्ये बसवली की इंचाला २१६ पिक्सेल मिळतात, आणि आपली ०.१७ मिलिमीटरची रेघ जेमतेम दीड पिक्सेल होते. पुढे पाठवताना चित्र दाबलं जातं, त्यात ती पुसट होते. छापायच्या पत्रिकेचंच चित्र पाठवू नका. मोबाइलसाठी नाव दीडपट मोठं करून वेगळी मांडणी करा, आणि शक्यतो फाइल फोटोऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फ्लेक्स साधारण ७२ डीपीआयने केला जातो, म्हणजे एक ठिपका ०.३५ मिलिमीटर. रेघ निदान तीन ठिपक्यांची हवी, म्हणजे १ मिलिमीटर. मोठ्या मथळ्याला हे सहज जमतं. अडचण खाली कोपऱ्यात त्याच फॉन्टमध्ये कोंबलेल्या शुभेच्छुकांच्या नावांची असते.

वेलांट्या कापल्या जातात, शिरोरेघ तुटते, अक्षर सुजतं

या तीन तक्रारींना उपाय छोटे आहेत. वेबपानावर मथळ्याची वरची मात्रा किंवा खालचा उकार कापला जात असेल तर लाइन-हाइट १.२ वरून १.६ ते १.८ करा आणि त्या चौकटीतलं 'ओव्हरफ्लो हिडन' काढा. छपाईच्या मांडणीत ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १४० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

शिरोरेघेत फटी दिसल्या तर कोणीतरी अक्षरांमधलं अंतर वाढवलंय. इंग्रजी मथळ्याला ते शोभतं, देवनागरीला नाही. ट्रॅकिंग शून्य करा. ओळ लांबवायची असेल तर शब्दांमधलं अंतर वाढवा. 'जस्टिफाय'च्या सेटिंगमध्येही अक्षरांच्या अंतराचे तीनही आकडे शून्य ठेवा.

अक्षर सुजल्यासारखं दिसलं तर बोल्डचं बटण दाबलेलं आहे. यात्रा वन, मोदक, रोझा वन, जैनी हे एकाच वजनात, म्हणजे एकाच जाडीत येतात. त्यांना बोल्ड केलं की प्रोग्राम खोटी जाडी चढवतो आणि बारीक-जाडाचा खेळ संपतो. वेबवर मथळ्याच्या टॅगला ब्राउझर स्वतःच बोल्ड लावतो, म्हणून तिथे वजन ४०० असं स्पष्ट लिहा. खऱ्या जाड वजनाची गरज असेल तर अमिता किंवा कलम घ्या, त्यांना स्वतःचं बोल्ड आहे.

प्रत्येक वेलांटीला फटकारा

पर्यायी अक्षररूपं असलेला फॉन्ट हाती आला की ती सगळी वापरायचा मोह होतो. 'श्री' ला लांब शेपूट, 'लक्ष्मी' ला लांब शेपूट, 'जयंती' ला पुन्हा तेच. हाताने लिहिणारा सुलेखनकार तीन वेलांट्या कधीच सारख्या काढत नाही, फॉन्ट मात्र काढतो, आणि तिथेच तो फॉन्ट आहे हे कळतं. एका ओळीत एकच फटकारा ठेवा, शक्यतो शेवटच्या अक्षराला. बाकी वेलांट्या साध्या. ही निवड ओपनटाइप किंवा ग्लिफ पॅनेलमधून होते. पूर्ण ओळीवर 'स्टायलिस्टिक सेट' लावू नका, ते एकच अक्षर निवडून लावा.

कुठे वापरावा, कुठे नाही

दोन ते पाच शब्द, मोठा आकार, भोवती मोकळी जागा आणि वाचणाऱ्याला आधीच साधारण माहीत असलेला मजकूर, इतकं जुळलं की सुलेखन फॉन्ट लावावा. 'शुभविवाह' कोणत्याही वळणात वाचता येतो, कारण तो वाचला जाण्याआधीच ओळखला जातो. वधूवरांची नावं तशी ओळखीची नसतात, म्हणून तिथे फॉन्ट एक पायरी साधा. पत्ता, तारीख, मुहूर्ताची वेळ आणि फोन नंबर सुलेखनात कधीही नको. झोकदार १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात आणि वऱ्हाड चुकीच्या वेळी पोचतं. त्यासाठी मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी शेजारी ठेवा. दोन सुलेखन फॉन्ट एका पानावर भांडतात.

दुकानाच्या पाटीला अंतर ठरवतं. पाटीवाल्यांचा ढोबळ नियम दहा फुटांना एक इंच उंचीचा. देवनागरीत ही उंची मात्रा-उकार सोडून, शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा, आणि सुलेखन असेल तर दीडपट करा. ४० फूट रुंद रस्त्याच्या पलीकडून वाचायचं तर सहा इंच. यात्रा वन हा मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला आहे, त्यामुळे बोरूचं वळण असूनही तो लांबून लवकर वाचला जातो. नाजूक रेघेचा लग्नपत्रिकी फॉन्ट पाटीवर घातला तर रात्रीच्या दिव्यात फक्त जाड रेघा उरतात.

छपाईला देताना

दोन फाइली ठेवा. एक कामाची, ज्यात टेक्स्ट जिवंत आहे, आणि दुसरी कर्व्ह केलेली पीडीएफ. छापणाऱ्याला दुसरीच द्या. त्याच्याकडे तुमचा फॉन्ट नसतो, आणि असला तरी आवृत्ती वेगळी असली की जोडाक्षर बदलतं. कर्व्ह केल्यानंतर एकदा पूर्ण मॅटर पुन्हा वाचा, विशेषतः ऱ्य, रफार आणि ॲ, कारण रूपांतराच्या वेळी गळलेलं चिन्ह इथेच शेवटचं सापडतं. मुद्रित तपासणाऱ्याला कामाची फाइल न देता या पीडीएफची छापील प्रत खऱ्या आकारात द्या. पडद्यावर चारशे टक्के मोठं करून पाहिलेली बारीक रेघ नीटच दिसते, कागदावर दगा देते.

परवान्याची फाइल फॉन्टसोबतच जपून ठेवा. वर नावं आलेले गूगल फॉन्ट्सवरचे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, त्यांनी व्यावसायिक काम करता येतं. फॉरवर्ड होत आलेल्या झिप फाइलमधला, 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं आत लिहिलेला फॉन्ट गिऱ्हाइकाच्या बोधचिन्हात घातला तर पुढे बोधचिन्ह नोंदवायच्या वेळी तो प्रश्न गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो.